कवडीचं वजन

पहिल्यांदा तिचं वजन मी गंमत म्हणून वहीत मांडलं :
चार किलो दोनशे. बारदान वजा नाही.
सांगलीच्या यार्डात, जिनगोंडाण्णांच्या गाळ्यावर
हळकुंडांच्या पोत्यांवर ती निजायची.
पांढरी, म्हणून कवडी.
दुपारपर्यंत पिवळीजर्द.
निवडायला बसलेल्या मालनकाकू म्हणायच्या,
हिला रोज हळद लागतीया, लग्न तेवढं ठरंना.
दिवेलागणीला काट्याच्या पाटावर बसून
पाठ, पोट, शेपूट, मग ओल्या पंजानं कानामागं,
स्वतःला चाटून काढायची
आणि पांढरी होऊन घुशींच्या मागं जायची.
तेरा वर्षं.

शिमग्याच्या आसपास, आवक तुंबलेली,
एका संध्याकाळी ती पिवळीच राहिली.
म्हटलं, धूळ जास्त आहे.
दुसऱ्या दिवशीही पिवळीच.
तिसऱ्या दिवशी अण्णांच्या नकळत आणलेलं बांगड्याचं डोकं
तिनं मान वाकडी करून एका बाजूनं उचललं.
पडलं.
पुन्हा उचललं. पडलं.
लाळेची तार हनुवटीवरून पोत्यापर्यंत.
माझ्याकडं असं बघितलं
की काटा मीच मारलाय.

विश्रामबागेत मुजावर डॉक्टरीणबाईंनी
तिच्या हनुवटीखाली अंगठा दाबला,
जीभ आपोआप वर उचलली गेली.
मी आत बघितलं नाही. बाईंचा चेहरा बघत राहिलो.
पूर्वी सौदे रुमालाखाली व्हायचे,
हातात हात, वर कापड,
भाव बोटांनीच सांगायचा, जीभ हलवायची नाही.
तोलारानं नुसते चेहरे वाचायचे.
मी वाचला.

जिभेच्या मुळाशी गाठ आहे, त्या म्हणाल्या,
जबड्याकडं सरकलीय.
कापून काढता येईल?
मांजराची जीभ म्हणजे तिची कंगवा, तिची ओंजळ,
त्या म्हणाल्या, एवढी कापली तर उरतं काय.
दुखणं थांबवायचं औषध दिलं, सुई नसलेली सिरिंज दिली.
आणि म्हणाल्या, दिवस मोजू नका, तिच्याकडं बघा.

मोजू नका. तोलाराला.

गाळ्यावर ज्याच्या त्याच्याकडं उपाय.
हळद द्या की, त्या रोगावर चांगली म्हणतात!
बोलणाऱ्याच्या पाठीमागं नऊशे पोती रचलेली.
मी बाईंना उलटंच विचारून आलो होतो :
तेरा वर्षं अंगावरचं जे चाटलं,
त्यानं तर नाही ना?
सांगता येत नाही, म्हणाल्या.
हो म्हणाल्या असत्या तर गाळा सोडला असता,
नाही म्हणाल्या असत्या तर झोपलो असतो.

मग रोज सहाला, लिलाव उठल्यावर,
गोणपाटाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून
मी तिला पुसायचो. टॉवेल तिला चालेना,
गोणपाटाला मात्र डोळे मिटायची.
पाठ, पोट, शेपूट. कान शेवटी.
हमाल हसले दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी इराप्पा कुणी न सांगता
पाणी गरम करून घेऊन आला.
मी पुसलेली कवडी पांढरी व्हायची नाही.
फार तर सायीच्या रंगाची.

दोन किलो सहाशे.
त्या दिवशी सिरिंजमधली पेज तशीच बाहेर आली, लाल धागा घेऊन,
आणि ती पाण्याच्या वाटीवर मान घालून
नुसती बसून राहिली,
पाण्याला नाक टेकेल न टेकेल इतक्या अंतरावर.
मी मोपेड काढली.
बाईंच्या टेबलावर तिला फार वेळ लागला नाही.
माझा हात पाठीवर होता.

वजन विचारलं त्यांनी, औषधाच्या मापासाठी.
मी सांगितलं. वहीत लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आवक मोठी, तासगावच्या दोन गाड्या.
आकडे ओरडत होतो, लिहीत होतो,
पान उलटायला सवयीनं अंगठा जिभेला लावला.
कडवट. पिवळा.
तेहतीस वर्षं उलटतोय पानं अशीच.
पोतं काट्यावर, इराप्पा थांबलेला,
किती म्हणाला मालक, किती,
आणि मी तोंड मिटून
जिभेच्या टोकानं जिभेखालची जागा
हळूच चाचपत.